नववीत विज्ञान-गणित-भूगोल एकत्र: सावलीवरून पृथ्वीचा परीघ

खडूफळा:
नववीला तिन्ही विषय मिळून एक उपक्रम घ्यायचा आहे. 'पाणी' वगैरे विषय घेतला की तीन शिक्षकांचे तीन तक्ते भिंतीला लागतात, एकाचं दुसऱ्यावाचून काहीच अडत नाही. म्हणून परीघ. आम्ही कोल्हापूर, जोडीदार शाळा नागपूर. २३ सप्टेंबरला घ्यावं का? ढग आले तर? शिवाय त्रिकोणमिती तोवर झालेली नसते.

ओळंबा:
तारखेचा हट्ट सोडा. विषुवदिनी मध्यान्हीचा कोन (सूर्यकिरण उभ्या ओळंब्याशी करतात तो) थेट अक्षांश देतो, एवढाच त्या दिवसाचा फायदा. परिघाला दोन गावांच्या कोनांतला फरक पुरतो: दक्षिणोत्तर अंतर गुणिले ३६०, भागिले तो फरक. मोजणी दोन्हीकडे एकाच दिवशी झाली म्हणजे झालं. डिसेंबरातलं निरभ्र आकाश घ्या. शून्य सावलीच्या (सूर्य थेट डोक्यावर येतो त्या दिवसाच्या) नादी तर लागूच नका, मेमध्ये सुट्टी आणि जुलै-ऑगस्टात पाऊस.

काठीची सावलीही नको. सूर्य म्हणजे अर्ध्या अंशाची तबकडी, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक दीडएक सेंटिमीटर पुसट पडतं. पुठ्ठ्याला ५ मिमी भोक पाडा, तो जमिनीपासून बरोबर १०० सेंमीवर आडवा बसवा. भोकातून ओळंबा सोडून खाली खूण करा आणि दोरी काढून घ्या. कागदावर सूर्याचा लंबगोल ठिपका पडेल, त्याच्या मध्यावर दर पाच मिनिटांनी टिंब. खुणेपासून सर्वांत जवळचं टिंब ती मध्यान्ह. २२ डिसेंबरला कोल्हापूरला साधारण १२:३१, नागपूरला १२:१२. घड्याळाचे बारा धरून बसणारे इथेच फसतात.

खुणेपासून त्या टिंबाचं अंतर कोल्हापूरला ८४.३ सेंमीच्या आसपास, नागपूरला ९८.६. कोन ४०.१ आणि ४४.६ अंश. कोल्हापुरात १ सेंमी चुकलं तर कोन तिसरा हिस्सा अंशाने चुकतो, म्हणजे परिघात तीनएक हजार किमी! जमीन पाणसळीने तपासा. काठी मैदानाला काटकोनात रोवली आणि मैदानाला दक्षिणोत्तर १ अंश उतार असला, तर तो अंश जसाच्या तसा उत्तरात उतरतो.

नकाशावही:
अंतराचा घोळ मोठा होतो. रस्त्याचे किलोमीटर चालत नाहीत, दोन गावांमधलं सरळ अंतरही नाही; फक्त दक्षिणोत्तर अंतर हवं. आणि अक्षांशांच्या फरकाला १११ ने (एका अंशाचे किमी) गुणून ते काढायचं नाही. त्या १११ मध्ये परीघ आधीच बसलेला असतो, मग ४०,००० येणारच, मुलांनी काय मोजलं? दोन्ही गावांतून अक्षवृत्तांना समांतर रेषा काढा आणि त्यांच्यातलं अंतर पट्टीने घ्या. १ सेंमीला २० किमी प्रमाणाच्या नकाशावर ते २४.७ सेंमीच्या जवळपास भरतं.

खडूफळा:
कोन प्रमाणबद्ध आकृतीवरून, कोनमापकाने काढला तर?

ओळंबा:
वहीत नको. कोनमापक जेमतेम अर्धा अंश दाखवतो, दोन्हीकडे मिळून एक अंश गेला. फरकच साडेचारचा आहे. तपकिरी कागदावर मूळ मापाचा त्रिकोण काढा, किंवा मोबाईलवरच्या गणकयंत्रात अंतराला १०० ने भागून टॅन उलटं (tan⁻¹) करा आणि तूर्त बटण म्हणूनच वापरा. त्रिकोणमितीचा पाठ आला की हीच मापं उदाहरणाला घ्या.

वेळ १२ ते १, जोडतास. गुण देताना एकच नोंदपत्रक ठेवा: वेळ आणि अंतराचे रकाने भूगोलाचे, कोनाचा गणिताचा, खुणेपासून टिंबाचं माप आणि ठिपका गोल न पडता लंबगोल का पडला हे विज्ञानाचं. मापाचा एक रकाना रिकामा राहिला की परीघ निघत नाही.