मदत हवी आहे: खारट डबक्याकाठचं हे पिवळं फूल नक्की कुठलं?

नमस्कार मंडळी,

सूर्यफुलाच्या कुळातली फुलं उकलून बघायची खोड असलेलं कुणी इथे आहे का? कॅलिफोर्नियातलं असेल तर दुधात साखर.

आम्ही फ्रीमाँटला राहतो. गेल्या रविवारी साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊन खाडीच्या बाजूला फिरायला गेले होते. वाटेत एक डबकं आटत आलेलं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि खालच्या चिकणमातीमुळे पाणी मुरत नाही. कासच्या पठारावर साचतं तसंच, फक्त कातळाऐवजी माती, आणि तीही खारी. काठावर मिठाचा पांढरा पापुद्रा होता. पाणी जसजसं मागे सरकलंय तसतसं त्याच्याभोवती फुलांचं पिवळंधमक कडं उमटलंय.

आई म्हणाली, "अगं, ही तर आपली सोनकी!" पण सोनकीची पानं एकाआड एक असतात, इथे समोरासमोर जोडीने आहेत. झाड जेमतेम वीतभर.

शोधाशोध करून 'लास्थेनिया' या गटापर्यंत पोचले (इथे गोल्डफील्ड्स म्हणतात). पुढे गाडी अडली. त्यातल्या तीन जातींवर संशय आहे, आणि सगळी मेख फुलाखालच्या हिरव्या वाटीत आहे. 'फ्रेमाँटाय'मध्ये त्या वाटीच्या पाकळ्या सुट्या असतात. 'ग्लॅब्राटा'मध्ये त्या जवळजवळ टोकापर्यंत जुळलेल्या, म्हणजे अख्खा पेलाच. आणि 'कॉन्जुगेन्स'मध्ये तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जुळलेल्या. हे शेवटचं 1997 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे आणि फ्रीमाँटच्याच वॉर्म स्प्रिंग्जच्या डबक्यांत त्याची नोंद आहे, म्हणून जीव वरखाली होतोय.

माझ्याकडे खालून काढलेला एकच फोटो आहे, तोही हललेला. वाटीच्या पाकळ्या बुडाशी जुळल्यात एवढं दिसतं, पण किती, ते काही केल्या ठरत नाही. फूल तोडलेलं नाही. (आई एक गजऱ्यात खोवायला निघाली होती, हात धरून थांबवलं.)

दुसरी खूण बियांची. फ्रेमाँटायच्या बीला डोक्यावर केसांसारखे तंतू असतात, कॉन्जुगेन्सची बी टकली. पण हे न तोडता बघायचं कसं? गळून पडलेल्या फुलात दिसेल का?

तिथलंच एक झाड मात्र लगेच ओळखलं. कोरड्या बाजूला नुकती फुटलेली करडी, लवदार पानं: क्रेसा, आपल्या रुदंतीची सख्खी चुलत बहीण! पानांवाटे मीठ बाहेर टाकते. आईला रुदंती फक्त काष्ठौषधींच्या दुकानातून ठाऊक, ती दोन मिनिटं तिथेच उकिडवी बसून होती.

कॉन्जुगेन्स निघालंच तर जागा उघड लिहावी की नाही, हेही सांगा. तोवर मुद्दामच नकाशा टाकत नाहीये.

शनिवारी परत जाणार आहे. ऊन वाढलंय, आठवड्याभरात कडं वाळेल. नेमका कुठल्या बाजूने, किती जवळून फोटो काढू?