मदत हवी आहे: गावात पवनचक्क्या येताहेत, सगळ्या गावाला एकाच वेळी खरी माहिती कशी पोचवायची?

पठारावरची

नमस्कार मंडळी. मी धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. बालाघाटचं पठार, ज्वारी, तूर, सोयाबीन आणि बाकी मुरमाड माळ. जाणकारांचं मार्गदर्शन हवंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या माळावर तारांनी ताणून धरलेला एक उंच, बारीक खांब उभा राहिला. मोबाइलचा टॉवर असेल असं समजून कुणी विचारलंही नाही. तो वारा मोजायचा मास्ट होता, हे दिवाळीनंतर कळलं. तेही एजंट माझ्या चुलतदिरांकडे इसारपावती घेऊन आला तेव्हा.

आता गावातल्या पाच जणांनी सह्या केल्यात. प्रत्येकाला वेगळा दर सांगितलाय आणि प्रत्येकाला बजावलंय, "कुणाला सांगू नका, भाव फुटेल." एका बांधाला लागून शेत असलेले दोन सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं. पवनचक्की येण्याआधीच गावात फूट पडली.

मी विरोधात नाही, हे आधीच सांगते. जून ते ऑगस्ट आमच्याकडे असा वारा असतो की वाळत घातलेलं धान्य उचलून नेतो. त्या वाऱ्याची वीज होणार असेल आणि पाऊस पडो न पडो, शेतकऱ्याला भाड्याचे पैसे मिळणार असतील, तर ते मला हवंच आहे. पण पंखे किती, कुठल्या गटात, तारा कुणाच्या शेतावरून जाणार, रस्ता कुठून, यातलं काहीही गावाला ठाऊक नाही. त्यामुळे अफवांना ऊत आलाय. कुणी म्हणतं सरकार माळ काढून घेणार, कुणी म्हणतं घरटी लाइट फुकट. माझे आजेसासरे ठाम आहेत की पंख्यांनी ढग पळतात. सुरुंगांनी बोअर आटतील ही भीती तर सगळ्यांनाच आहे, मलाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय काढला. कंपनीचे एक प्रतिनिधी आले, दहा मिनिटं इंग्रजी चित्रं दाखवली, 'विकास' आणि 'रोजगार' म्हणाले. मी गट नंबर विचारले. "साहेबांना विचारून सांगतो," म्हणाले. ते अजून सांगताहेत.

दरम्यान शेजारच्या शिवारात काम सुरूही झालंय आणि गाड्या आमच्या गावातून जातात. मागच्या आठवड्यात रात्री दोन वाजता पाणंद रस्त्यावर मिक्सरची रांग लागली, म्हातारी माणसं दचकून उठून बाहेर आली. त्याच आठवड्यात पात्याचा ट्रेलर जाणार म्हणून दिवसभर लाइट बंद ठेवली. आदल्या दिवशी एक निरोप आला असता तर दूध केंद्रावरचं दूध नासलं नसतं. शंभर-दोनशे लिटर दूध म्हणजे आमच्याकडे आठ-दहा घरांचा दिवस असतो.

तर विचारायचंय ते असं. कंपनीला नकाशा दाखवायला भाग पाडता येईल असं कायद्यात काही आहे का? सभेत नेमकं काय विचारायचं? इतर गावांनी हे कसं निभावलं? आणि आजेसासऱ्यांना न दुखावता ढगांचं कसं समजावू?

घाटमाथा

ताई, मी पाटण तालुक्यातला. वनकुसवडे, सडावाघापूर, चाळकेवाडी या पठारांवर पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ पंखे फिरताहेत. सुरुवातीचे पंखे २३० आणि ३५० किलोवॅटचे होते. तुमच्याकडे येणारा एकेक पंखा त्यांच्या आठ-दहापट ताकदीचा असेल, म्हणून आमच्याकडचे फोटो बघून अंदाज बांधू नका.

आजोबांसाठी उत्तर माझ्याकडे आहे. त्यांना जुलैत आमच्या पठारावर आणा. शेकडो पंखे आणि तरीही असा पाऊस की समोरचा पंखा धुक्यात दिसत नाही. पंख्यांनी पाऊस पळत असता तर कोयनेच्या कडेला आधी दुष्काळ पडला असता. पण आजोबांवर रागावू नका. दुष्काळी पट्ट्यात ही बोलवा जुनी आहे, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत पंखे उभे राहिले आणि त्याच वर्षी पाऊस गेला, त्याला ती खरी वाटणारच.

आमची चूक वेगळी होती. पंखे बसवणारा एक, मालक वेगवेगळ्या शहरांतले गुंतवणूकदार, देखभाल करणारा तिसराच. रस्ता खचला, जनावर तारेला चिकटलं, तर तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हेच कळायचं नाही. जमिनी आमच्या लोकांनी कायमच्या विकून टाकल्या होत्या, त्यामुळे विचारायचा हक्कही गेला. तुम्ही पहिला प्रश्न हा विचारा: पुढची पंचवीस वर्षं या पंख्याबद्दल उत्तर कोण देणार? आयुष्य संपल्यावर तो उतरवणार कोण, आणि तो खर्च आत्ताच कागदावर कुठे लिहिलाय?

जुना तलाठी

महसूल खात्यातून निवृत्त आहे, तेवढ्यापुरतं सांगतो.

पवनचक्क्या २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत नाहीत. त्यामुळे खाणीला किंवा साखर कारखान्याला होते तशी जनसुनावणी इथे बंधनकारक नाही. गावाला कुणी बोलावलं नाही त्याचं मूळ इथे आहे. म्हणून ग्रामसभा हेच तुमचं हत्यार. पुढच्या सभेची वाट पाहू नका, विशेष ग्रामसभा लावा, आणि त्याआधी महिलांची सभा घ्या. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. नकाशा मागणारा ठराव इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत कंपनीला व तहसीलदारांना पोच घेऊन द्या. तोंडी विचारलेलं कुणाच्याही लक्षात राहत नाही. जी कागदपत्रं सरकारी कार्यालयात दाखल झालीत, ती माहिती अधिकारात मागा.

केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. राहत्या घरापासून पंखा ५०० मीटरच्या आत नको, आवाजासाठी. रस्ता, शाळा, इमारत यांच्यापासून टॉवरची उंची अधिक पंख्याच्या व्यासाचा अर्धा अधिक ५ मीटर एवढं अंतर. १४० मीटरचा टॉवर आणि १४० मीटर व्यास धरला तर २१५ मीटर. हा हिशेब सभेत फळ्यावर मांडा, गावातलं दहावीतलं पोर करेल.

सह्या केलेल्या पाच जणांना माझा निरोप द्या. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. नुसत्या नोटरीच्या कागदावर २९ वर्षांची जमीन देऊ नका. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा, काढून वाचा आणि सातबाऱ्यावर काय चढलंय ते महिन्या-दोन महिन्यांनी बघत जा. मोठ्या दाबाच्या तारांसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये मोबदला वाढवला: मनोऱ्याच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ग्रामीण भागात ३० टक्के. तुमच्याकडे कुठला दर लागू आहे ते तहसीलमधून लेखी घ्या.

साइटवरचा

मी अशाच कामांवर इंजिनिअर आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. आमच्या बाजूचंही ऐका, म्हणजे कुठे बोट ठेवायचं ते कळेल.

जागा शेवटपर्यंत बदलतात हे खरं आहे. वाऱ्याची आकडेवारी, खडक, एखाद्याचा नकार, एवढ्यावर पंखा दोनशे मीटर सरकतो. त्या भीतीने वरची माणसं नकाशा बाहेर काढत नाहीत, भाव वाढेल याचीही धास्ती असते. पण 'तात्पुरता' असा शिक्का मारून नकाशा देता येतो. तसाच मागा.

रात्रीच्या मिक्सरचं कारण सांगतो. एका पंख्याच्या पायाला ४०० ते ५०० घनमीटर काँक्रीट लागतं, एका गाडीत सहा घनमीटर बसतं. सत्तर-ऐंशी खेपा झाल्या, आणि ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. पण कुठल्या दिवशी ओतणार हे आम्हाला आठवडाभर आधी माहीत असतं. पात्याच्या ट्रेलरचंही तसंच, तारा उचलायला लाइट बंद करायची परवानगी आधीच घेतलेली असते. हा निरोप गावाला न देण्याला काहीही सबब नाही. साइट मॅनेजरकडून एकच गोष्ट लिहून घ्या: आदल्या संध्याकाळी सहाच्या आत, मराठीत, उद्या काय होणार. बोअरची भीती असेल तर सुरुंग उडवायच्या आधी जवळच्या विहिरी-बोअरची पाणीपातळी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी नोंदवून ठेवा. नंतर वाद झाला तर तोच कागद कामाला येतो.

पठारावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

महिलांची सभा आधी घेतली, सत्तरेक जणी आल्या. पुरुषांनी आजवर न विचारलेला प्रश्न तिथे निघाला: सरपणाची आणि शेळ्या चारायची वाट बंद होणार का? तोही ठरावात घातला. मग विशेष ग्रामसभा झाली. पाचपैकी चौघांनी आपापला दर सर्वांसमोर सांगितला. ते दोघे भाऊ एका सतरंजीवर बसले होते, अजून बोलत नाहीत, पण बसले.

चावडीच्या भिंतीवर फळा लावलाय. साइटवरून संध्याकाळी निरोप येतो, शाळेतली पोरं तो लिहितात, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी कोतवाल सांगत फिरतात. दोनदा निरोप चुकला, बाकी येतोय. आजेसासऱ्यांना कोयनेचं सांगितलं. "जुलैत ने मला," म्हणाले. नेणार आहे.

'तात्पुरता' शिक्क्याचा नकाशाही मिळाला. आमच्या शिवारात चार पंखे. त्यातला एक पारध्यांच्या वस्तीपासून टेपने मोजला तर ४३० मीटर भरतोय. त्या वस्तीतल्या कुणाच्याच नावावर सातबारा नाही, म्हणून नकाशावर ती घरं दाखवलेलीच नाहीत. मॅनेजरांनी जागा सरकवायचं तोंडी कबूल केलंय. ते लेखी घ्यायचंय, आणि वस्ती नकाशावर यायला हवी. घरपट्टीच्या पावत्या तीन घरांच्याच आहेत, बाकीच्यांचं राहतं घर कशाने सिद्ध करायचं? जुना तलाठी, तुम्ही किंवा कुणीही असा अर्ज केला असेल तर मसुदा इथे टाका. सोमवारी तहसीलला जायचंय.