मदत हवी आहे : 'रीसिट' म्हणजे नक्की काय? पावती नव्हे ना?

नमस्कार मंडळी, प्रश्न खुळ्यासारखा वाटंल पण घरात दोन दिवस यावरनं गोंधळ चाललाय म्हणून विचारतोय. भाचा इंग्लंडात एमएस्सी करायलाय. परवा त्यानं घाईघाईत ताईला फोन करून सांगितलं की एका विषयात रीसिट आलीय, आणि फोन ठेवला. ताईनं दाजींना सांगितलं, दाजींनी ऐकलं 'रिसीट'. झालं! फीची पावती मागायलेत म्हणून दाजी बँकेत जाऊन पैसे पाठवल्याचा कागद, वर त्याच्या तीन झेरॉक्स घेऊन माझ्याकडं कोल्हापुरात राजारामपुरीत हजर, म्हणे स्कॅन करून पाठव लगेच, नाहीतर पोराचं नाव कमी करतील.

मी म्हटलं थांबा, आधी मेल तर बघू. स्क्रीनशॉट मागवला. स्पेलिंग आर ई एस आय टी. पावतीच्या स्पेलिंगात तो मुका पी असतोय, हितं पी नाहीच. आणि वर 'रिफर्ड' असं पण लिहिलंय, ते वाचून ताई रडायलाच लागली, कारण आपल्याकडं रिफर केलं म्हणजे पेशंट सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवला!

तर सांगा, रीसिट म्हणजे आपली एटीकेटीच काय? मग रीटेक का नाही म्हणत? आणि पोरगं मेलमध्ये 'आय विल गिव्ह रीसिट' लिहिणार होतं, ते बरोबर हाय काय? भाच्याला विचारलं तर "मामा, नंतर बोलतो" एवढंच.

तांबडा_पांढरा : दाजींना नाद खुळा 😂 तीन झेरॉक्स! आपण कॉलेजात असताना 'ऑक्टोबरची वारी' म्हणायचो, तेच समजा.

पंचगंगाकाठ : मी तिकडं शिकून आलोय, एका विषयात रीसिट पण दिलीय, लाज कसली. घाबरू नका. रिफर्ड म्हणजे नापास, पण पुन्हा परीक्षेची संधी हाय. ती पुन्हा द्यायची परीक्षा म्हणजे रीसिट. बहुतेक ऑगस्टच्या सुमारास असते. परत लेक्चरला बसायचं नाही, नुसती परीक्षा नाहीतर असाइनमेंट. वर्गात बसून अख्खा विषय परत करायचा असंल तर त्याला बऱ्याच ठिकाणी 'रिपीट' म्हणतात, त्याचा खर्च वेगळा, दोन्हीत गल्लत करू नका. आणि एक मेख हाय, रीसिटला कितीपण भारी पेपर लिहिला तरी मार्क सहसा पासिंगपुरतेच धरतात, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ५०. पण पहिल्या वेळी पोरगं आजारी वगैरे होतं आणि तसं वेळेत कळवून मंजूर झालेलं असंल तर तो पहिलाच प्रयत्न धरतात, मग सहसा ही अट लागत नाही. हे त्याला आजच विचारा. एटीकेटी म्हणजे विषय राहिलेला असताना पुढच्या वर्गात जायची परवानगी, परीक्षा नव्हे. तेवढा फरक हाय.

जुनी_मास्तरीण : शब्द सोपा आहे हो. आपण परीक्षेला 'बसतो' की नाही? ब्रिटिश इंग्रजीत पण परीक्षेला 'सिट' करतात. पुन्हा बसला की रीसिट. अमेरिकन लोक त्यालाच रीटेक म्हणतात, आणि ड्रायव्हिंग टेस्टला इंग्लंडात पण रीटेकच चालतं, रीसिट मुख्यतः लेखी परीक्षेला. रीटेकचा पसारा मोठा आहे. शूटिंगमधला रीटेक तर कोल्हापूरकराला सांगायला नको, प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथंच निघाली. आणि १६६० ला गेलेला पन्हाळा महाराजांनी १६७३ मध्ये परत घेतला, तिथंही रीटेकच. गड काय रीसिट होत नाही!

'गिव्ह' मात्र नको. आपण मराठीत परीक्षा देतो म्हणून ते तोंडात येतं, पण तिकडच्या माणसाला वाटेल हाच परीक्षा घेणार आहे. 'आय ॲम रीसिटिंग द एक्झाम' किंवा 'आय हॅव अ रीसिट इन ऑगस्ट' लिहायला सांगा. भूतकाळी 'रीसॅट'. आणि उच्चारात 'री' वर जोर, 'सिट' आखूड. पावतीत जोर 'सीट' वर. दाजींची चूक नाही, फोनवर कुणालाही तसंच ऐकू येईल.

मूळ प्रश्नकर्ता : सगळ्यांचे लई आभार. भाच्याशी बोललो, त्या आठवड्यात तापानं पडला होता पण कुणाला कळवलंच नव्हतं खुळ्यानं, आता उशिरा चालतंय काय ते ऑफिसात विचारणाराय. दाजींना सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या परीक्षेची फी भरावी लागंल काय?" म्हटलं काही ठिकाणी लागते. तर म्हणतात, "मग त्याची पावती मिळंल की."

आता रीसिटची रिसीट. झेरॉक्सवाल्याला सांगून ठेवतो.