मदत हवी आहे: सॅलिसबरी स्टेशनवरच्या फोटोतली ब्रिटिश गाडी ओळखायची आणि मॉडेल करायचीय

डबेवाला_हौशी:

मंडळी, जरा मदत हवी होती. आमचे एक काका डॉक्टर, १९८४ ते १९९१ इंग्लंडात सॅलिसबरीला नोकरीला होते, त्यांच्या जुन्या फोटोंच्या खोक्यात एक रंगीत फोटो सापडला आणि तेव्हापासून माझी झोप उडालीय. प्लॅटफॉर्मवर काकू उभ्या आहेत, अंगावर जाड कोट, आणि मागे भलंमोठं डिझेल इंजिन. फोटोच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. काकांना फोन केला तर म्हणाले "अरे डिझेल होतं आणि आम्ही वॉटरलूला चाललो होतो", म्हणजे लंडनच्या स्टेशनला, झालं, संपली माहिती.

मला हीच गाडी ओओमध्ये (७६ ला १ मापाचं मॉडेल) करायचीय, म्हणजे एक इंजिन, मागचे डबे आणि सॅलिसबरीसारखा दिसणारा एक फलाट. पण उगाच ब्रिटिश दिसतंय म्हणून काहीही रुळावर ठेवायचं नाहीये, त्या फोटोतलं असेल तेच हवंय.

फोटोत काय दिसतं ते सांगतो. इंजिन निळं, केबिन पूर्ण पिवळी, अंगावर वरपासून खालपर्यंत ब्रिटिश रेलचा मोठा पांढरा डबल ॲरो (दोन बाणांचं चिन्ह). नंबर ५००३ एवढा दिसतो, शेवटचा आकडा काकूंच्या पर्समागे. नावाची पाटी आहे पण पहिली अक्षरं काकूंच्या डोक्यामागे गेलीत, फक्त शेवटचं RIOUS वाचता येतं, म्हणजे आरआयओयूएस. इंजिनाच्या तोंडावर मधोमध एक मोठा दिवा. मागचे पहिले दोन डबे निळ्या, पांढऱ्या, लाल पट्ट्यांचे आणि त्यामागचे निळे-राखाडी. फलाटावरचे दिव्याचे खांब लाल. आणि अगदी उजव्या कडेला दुसऱ्या फलाटावर अजून एक इंजिन अर्धवट दिसतंय, दोन काचांच्या मधे आकड्यांची खिडकी असलेलं.

प्रश्न असे की साल कुठलं, इंजिन नेमकं कुठलं, डबे कुठले घ्यायचे, आणि पुण्यातल्या फ्लॅटमधे माझ्याकडे भिंतीलगत फक्त ८ फुटांची फळी आहे त्यावर हे बसेल का. फोटो घरगुती आहे म्हणून इथे टाकत नाही, समजून घ्या.

रेडिंगकर:

वा, मस्त कोडं. इंजिन क्लास ५०, यात शंकाच नको. एकूण ५० बांधली, इंग्लिश इलेक्ट्रिकने, १९६७-६८ मधे, २७०० हॉर्सपॉवर. आधी क्रू नावाच्या जंक्शनच्या उत्तरेला स्कॉटलंडकडे धावायची, १९७४ ला ग्लासगोपर्यंत वीज आली तशी हळूहळू सगळी ब्रिटिश रेलच्या वेस्टर्न रीजनकडे (पश्चिम विभागाकडे) आली. १९७८ पासून त्यांना रॉयल नेव्हीच्या युद्धनौकांची नावं दिली, म्हणून ती पाटी.

आता पाटीचं बघू. ५००३ च्या घरात त्या पाच अक्षरांनी संपणारी नावं चारच आहेत: ५००३३ ग्लोरियस, ५००३४ फ्युरियस, ५००३६ व्हिक्टोरियस, ५००३७ इलस्ट्रियस. करेजस ५००३२ पण त्याच घरातलं, पण त्याचा शेवट वेगळा, त्यामुळे ते बाद. तुमचं कोडं या चारांतलंच.

पाटीची लांबी मोजा. फ्युरियस इंग्रजीत ७ अक्षरी, इलस्ट्रियस ११ अक्षरी, म्हणजे पाटी बरीच मोठी. या चारही इंजिनांचे त्याच बाजूचे स्वच्छ फोटो शोधा, पाटीचा शेवट बाजूच्या खिडकीपासून किती लांब येतो ते चारही फोटोंत बघा आणि मग काकूंचा फोटो शेजारी ठेवा. डोक्याची रुंदी आडवी येतेय खरी पण शेवटाची जागा लपलेली नाही ना, मग काम होतं.

गार्डाचा_डबा:

सालाचं मी सांगतो. तो मधला मोठा दिवा म्हणजे डॉनकास्टरच्या कारखान्यात डागडुजी होऊन आलेलं इंजिन, ते काम १९७९ पासून पुढे चाललं होतं, त्यामुळे नुसत्या दिव्यावरून फार कळत नाही. खरी किल्ली तिरंगी पट्ट्यांचे डबे आणि लाल खांब. ते नेटवर्क साउथईस्ट, म्हणजे ब्रिटिश रेलचा लंडन आणि आग्नेय इंग्लंडचा प्रवासी विभाग. १० जून १९८६ ला त्याचे प्रमुख ख्रिस ग्रीन यांनी ते सुरू केलं आणि लंडनभोवतीच्या सगळ्या गचाळ स्टेशनांना रंग काढायचा सपाटा लावला, लाल खांब हे त्यातलंच. सॅलिसबरीपण त्यांच्याच हद्दीत होतं. तेव्हा फोटो जून १९८६ नंतरचा हे पक्कं.

वरची मर्यादा तुमच्या काकांनीच दिलीय, १९९१. पण ते कडेचं अर्धवट इंजिन बघा, दोन काचांमधे आकड्यांची खिडकी म्हणजे क्लास ३३ ची खूण. पोर्ट्समथ ते कार्डिफ गाड्या सॅलिसबरीवरून जायच्या आणि १९८८ पर्यंत त्या गाड्या क्लास ३३ ओढायची, मग मे १९८८ पासून क्लास १५५ स्प्रिंटर (वेगळं इंजिन न लागणाऱ्या डिझेल गाड्या) आले. ३३ इतर कामांवरही फिरायची म्हणून त्यावर पैज लावू नका, पण मिश्र रंगाची रेक आणि ३३ एकत्र दिसतायत म्हणजे माझा कौल १९८६ च्या हिवाळ्यापासून १९८८ च्या वसंतापर्यंत. काकूंच्या कोटाचा पुरावापण जमेस धरला मी 😄

डबेवाला_हौशी:

अरे बाप रे, एवढं सगळं एका फोटोत होतं! मी तर निळा रंग बघून सत्तरचं दशक समजून बसलो असतो. आता डब्यांचं बोला. माझ्या डोक्यात एचएसटीचे (ब्रिटिश हायस्पीड डिझेल गाडीचे) एमके३ डबे होते (एमके म्हणजे मार्क, डब्यांची पिढी), दिसायला झकास, पण ते इथे नाही ना चालणार?

रेडिंगकर:

नाही हो. एमके३ एचएसटीबरोबर लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टल-वेल्सला, १९७६ पासून. वॉटरलू-एक्सिटरला एमके१ आणि एसी नसलेले सुरुवातीचे एमके२. ओळखायला सोपं: डब्याच्या बाजूला मधेच दरवाजा असेल तर तो एमके१ चा ओपन (बिनकप्प्यांचा) डबा किंवा अगदी सुरुवातीचा एमके२, एमके२बीपासून पुढे दरवाजे फक्त टोकांना. वरच्या बाजूला सरकती छोटी खिडकी असेल तर बिनएसीचा. छताच्या कडेने पिवळी रेघ असेल तर फर्स्ट क्लास. हे तीन मुद्दे भिंगाने तपासा, बऱ्याच डब्यांचं उत्तर मिळेल.

खरेदी करताना मात्र सांभाळा. जुन्या बाजारात एअरफिक्स, हॉर्नबी या मॉडेल कंपन्यांचे एमके२डी खूप मिळतात आणि विकणारा "एमके२" एवढंच लिहितो. डी पासून पुढे एसी, मोठ्या बंद काचा, तुमच्या गाडीत ते बसणार नाहीत. बाखमनचे सुरुवातीचे एमके२ आणि एमके१ बघा. इंजिनात हॉर्नबीचं २००३ नंतरचं क्लास ५० घ्या, लिमाचं स्वस्त पडतं पण जुनी पॅनकेक (चपटी) मोटर आणि चाकांच्या कडा खोल, कोड ७५ च्या (कमी उंचीच्या) रुळावर ठकठक करत जातं. मोठ्या डबल ॲरोच्या रंगातलंच हवं, नेटवर्क साउथईस्टच्या रंगातलं नको, फोटोत इंजिन अजून जुन्याच रंगात आहे आणि मजा त्यातच आहे.

आणि साउंड चिप घेणार असाल तर डागडुजीनंतरच्या इंजिनाचीच घ्या. यांना हूव्हर म्हणायचे कारण मूळ एअर फिल्टरचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा यायचा, डॉनकास्टरला ते फिल्टरच काढून टाकले.

सांधेवाली:

फळीचं कुणीच बोललं नाही म्हणून मी. ओओ म्हणजे ७६ ला १. क्लास ५० साधारण २७४ मिमी, एमके२ साधारण २६४ मिमी. एक इंजिन आणि आठ डबे धरले तर सुमारे २.४ मीटर, आणि तुमची ८ फुटांची फळी २.४४ मीटर. म्हणजे गाडी उभी राहील पण हलणार नाही, शोकेस होईल.

माझ्या मते दोन रस्ते. एक, पाच डबे घ्या आणि फलाटाच्या एका टोकाला रस्त्याचा पूल टाका, गाडीची शेपटी पुलाखाली गेल्यासारखी दाखवा, बघणाऱ्याला डबे मोजता येत नाहीत. पुलामागे काढता येणारी फळी जोडा म्हणजे गाडी आत-बाहेर करता येईल, सोसायटीच्या पॅसेजमधे शिरणार असेल तर घरच्यांशी आधी बोला. दुसरा, एन गेजला जा, १४८ ला १, तीच आठ डब्यांची गाडी १.२५ मीटरच्या आत. पण डोळे चाळिशीच्या पुढचे असतील तर ओओच बरं, अनुभवाचे बोल.

एक दिलासा देते, इंजिनाला वीज देणारा तिसरा रूळ टाकायची गरज नाही. लंडनकडून येणारी थर्ड रेल बेसिंगस्टोकपुढे साउथॅम्प्टनकडे वळते, सॅलिसबरीला वीज नव्हतीच, म्हणून तर डिझेल. बरेच जण सदर्न (दक्षिण) विभागाचं स्टेशन म्हणून हौसेने तिसरा रूळ टाकतात आणि मग कुणीतरी चारचौघात दाखवून देतं.

डबेवाला_हौशी:

सांधेवाली ताई, पाच डबे आणि पूल पक्कं, एन बघितलं होतं पण हात थरथरतात. घरच्यांशी बोललो, पॅसेज नाही मिळणार, बाल्कनीच्या दारापर्यंत ३ फूट मिळतील म्हणे.

पाटीचं आत्ताच तपासलं. चारही इंजिनांचे फोटो शेजारी ठेवले, फ्युरियस आणि ग्लोरियस सरळ बाद, पाटीचा शेवट खिडकीच्या फारच जवळ येतो. राहिलं व्हिक्टोरियस की इलस्ट्रियस, आणि इथे अडलोय, फरक एका अक्षराचा. भाचा रविवारी काकांकडे चाललाय, खोक्यात निगेटिव्ह आहे का बघ म्हणून सांगितलंय, कारण प्रिंट करताना स्टुडिओवाले कडा कापायचे, कदाचित नंबरचा शेवटचा आकडा किंवा दुसऱ्या टोकाचा नंबर तिथे असेल.

तोवर दोन गोष्टी. कुणाकडे १९८७ च्या आसपास या दोन इंजिनांवर कुठला रंग होता याची खात्रीची नोंद असेल तर सांगा, एखादं त्या काळात नेटवर्क साउथईस्टच्या रंगात गेलेलं निघालं तर प्रश्नच मिटतो. आणि या दिवाळीपर्यंत कुणी यूकेहून पुण्याला येणार असेल तर पाच डब्यांची एक पेटी आणाल का, पैसे आधी पाठवतो, हवं तर बाकरवडी परत जाताना देतो.