डावा मेंदू गोऱ्यांचा, उजवा आपला? वॉल हँगिंगच्या ऑर्डरवरून एक प्रश्न

ग्राफवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, ग्राफ काढतो. चादर, टॉवेल, वॉल हँगिंग यांवर जी नक्षी तुम्हाला दिसते ती आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते, हल्ली कॉम्प्युटरवर. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. चौकट भरली तर धागा वर, रिकामी ठेवली तर खाली. बास, एवढंच काम. मोर असो, शिवाजी महाराज असोत नाहीतर कुणाचे स्वर्गवासी वडील.

एका क्लासवाल्यांची ऑर्डर आलीय. मुलांचा 'उजवा मेंदू जागा करून' देतात म्हणे. त्यांना रिसेप्शनच्या भिंतीसाठी मोठं वॉल हँगिंग पाहिजे. मध्ये मेंदू. त्याचा डावा अर्धा भाग करडा, आत घड्याळ, आकडे, उंच इमारती, आणि खाली अक्षरात 'पाश्चात्त्य'. उजवा अर्धा रंगीत, त्यात मोर, कमळ, वीणा, ध्यानाला बसलेला माणूस, खाली 'भारतीय'. सोबत एक फॉरवर्डही पाठवलाय, की पाश्चात्त्य संस्कृती डाव्या मेंदूने चालते म्हणून ती हिशेबी आणि दुःखी, आपली उजव्या मेंदूने चालते म्हणून ती समाधानी.

मला आधी हसू आलं. पण मेव्हणा म्हणतो की यात तथ्य आहे, इयन मॅकगिलक्रिस्ट नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने २००९ साली यावरच जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्याचं एक भाषण मी कारखान्यात मागांच्या खडखडाटात अर्धंमुर्धं ऐकलं. माणूस हलका वाटला नाही.

तर विचारायचं एवढंच, की हे चित्र बरोबर आहे का? मागाची भोकांची कार्डं पाडून झाली की खाडाखोड करता येत नाही, म्हणून आधी विचारतोय. आणि दुसरं म्हणजे मी दिवसभर चौकटी भरतो, आणि त्यातूनच मोर निघतो. मग मला कुठल्या अर्ध्यात बसवणार?

मालक_अक्कलकोटरोड

मालक, ॲडव्हान्स घेतला का? घेतला असेल तर गप विणा. गिऱ्हाईकाचा मेंदू कुठला चालतोय ते बघायचं काम आपलं न्हाई.

घरपोच_फिजिओ

दादा, मी सोलापुरातच घरोघरी जाऊन लकव्याच्या पेशंटना व्यायाम देते. संस्कृतीचं मला फार कळत नाही, पण मेंदूची एक बाजू गेली की माणसाचं काय होतं ते रोज बघते.

भवानी पेठेतले एक आजोबा आहेत, जन्मभर मागावर काम केलेले. उजव्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली, त्यामुळे डावा हात-पाय लुळा. हे सगळ्यांना माहीत असतं. पण यांच्या बाबतीत डावी बाजूच जगातून गेली. पहिल्यांदा गेले तेव्हा ते जेवत होते. ताटातली उजवीकडची भाजी चाटूनपुसून संपवलेली, भाकरी उजवीकडून अर्धी खाल्लेली, आणि सुनेवर ओरडत होते की शेंगाचटणी का वाढली नाही. चटणी डावीकडे, तिच्या जागेवर, हात न लागलेली. डोळे चांगले आहेत, तपासून झालंय. मी ताट हळूच अर्धं फिरवलं, तर म्हणाले, "आता वाढलीस होय."

मिलानमध्ये १९७८ साली बिसियाक आणि लुझाती या दोघांनी अशा पेशंटवर एक प्रयोग केला होता. गावातल्या मोठ्या चर्चसमोरचा चौक पेशंटच्या रोजच्या ओळखीचा. त्यांना म्हणाले, डोळ्यांपुढे आणा, तुम्ही चर्चकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं? पेशंटनी बहुतेक उजव्या हाताच्याच इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता चर्चच्या पायरीवर उभं राहून चौकाकडे बघा. तर मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि सांगितलेल्या गायब. मी आजोबांना त्यांच्या गल्लीबद्दल तसंच विचारलं. रस्त्याकडून आत शिरताना त्यांना पिठाची गिरणी आणि किराणा दुकान आठवलं. उलट, गल्लीतून बाहेर येताना काय दिसतं म्हटल्यावर त्यांचा स्वतःचा जुना कारखाना आठवला, गिरणी नाही. सून माझ्याकडे बघत राहिली.

बोलणं त्यांचं शाबूत आहे. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, दोन्ही स्वच्छ. पण आवाज सपाट झालाय, आणि टोमणा कळत नाही. अकरा वाजता उठल्यावर सून म्हणाली, "काय ओ मामा, आज लवकर उठलात!" तर गंभीरपणे म्हणाले, "नाही, उशीर झाला."

उलट बाजूचंही सांगते. साखर पेठेत एक आजी आहेत, त्यांचा डावा मेंदू गेलाय. कळतं सगळं, पण तोंडातून फक्त "होय होय". नातवाचं नावसुद्धा येत नाही. संध्याकाळी आरती सुरू झाली की शब्दन्‌शब्द म्हणतात, सुरात. आरती थांबली की परत "होय होय".

म्हणजे दोन बाजू वेगळ्या आहेत, यात शंका नाही. पण त्यावरून 'अमका माणूस डाव्या मेंदूचा, तमका उजव्या' हे निघत नाही. युटा विद्यापीठाने २०१३ साली १०११ जणांचे स्कॅन तपासले. ठरावीक कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलं, पण अख्खा माणूस एका बाजूने चालतो असं काही सापडलं नाही. दोन अर्ध्यांच्या मध्ये सुमारे २० कोटी तंतूंचा पूल आहे आणि त्यावरून सतत ये-जा चालू असते. तुम्ही चौकट भरता तेव्हाही आणि मोराकडे बघता तेव्हाही.

निवृत्त_प्राध्यापक

ताईंनी मेंदूचं उत्तम सांगितलं. मी त्या फॉरवर्डच्या घराण्याबद्दल लिहितो, कारण मला तो वाचून संताप आला.

१८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या डॉक्टरने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. हयातीत त्याच्या तोंडून 'तां' याखेरीज जवळजवळ काहीच निघत नसे. इजा डाव्या बाजूला, पुढे होती. आणखी अशाच रुग्णांवरून ठरलं की वाचा डावीकडे राहते. इथपर्यंत शास्त्र झालं. पुढे युरोपातल्या पंडितांनी त्यावर मजले चढवले. वाचा डावीकडे, म्हणजे बुद्धी डावीकडे, म्हणजे सुसंस्कृत गोरा पुरुष डावीकडे. आणि उजवीकडे कोण? बायका, वेडे, आणि 'रानटी' लोक. त्यात आपण आलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून येत होतं.

नंतर १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉजर स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी गझानिगा यांनी, अपस्माराच्या उपचारासाठी ताईंनी सांगितलेला तो पूल कापलेल्या रुग्णांवर प्रयोग केले. त्यासाठी स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. याच मालिकेतला पुढचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फात गाडलेलं घर. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं. का निवडलं असं विचारलं. बोलणारा डावा मेंदू, त्याला बर्फाचा पत्ताच नाही. पण त्याने क्षणभरही अडखळू नये! म्हणाला, कोंबडीचा पाय कोंबडीचा, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतं.

या प्रयोगांचा गाजावाजा झाला तो १९७० च्या दशकात, अमेरिकेत योग, ध्यान, झेन यांची लाट असताना. तेव्हा तीच जुनी वाटणी उलटी करून मिरवली गेली. डावा तो रुक्ष आणि पश्चिमेचा, उजवा तो गूढ, सर्जनशील आणि पूर्वेचा. शंभर वर्षांपूर्वी ज्या खोलीत आपल्याला तुच्छतेने ढकललं होतं, तिलाच रंग काढून 'तुमची खोली किती सुंदर' म्हणाले, आणि आपण ते अभिमानाने फॉरवर्ड करतोय. पाणिनीची व्याकरणाची सुमारे ४००० सूत्रं मग कुठल्या मेंदूतून आली? पिंगळाने लघु-गुरूचे सगळे शक्य क्रम मांडून दाखवले, ते ध्यानाला बसून का? आणि बीथोवेनला घड्याळाच्या खान्यात टाकणार?

आता मॅकगिलक्रिस्ट. मेव्हण्यांना सांगा, ते या फॉरवर्डच्या बाजूचे नाहीत. 'डावा तर्काचा, उजवा भावनेचा' हे ते स्वतःच मोडीत काढतात. त्यांचं म्हणणं असं, की दोन्ही बाजू सगळंच करतात, फरक लक्ष देण्याच्या पद्धतीत आहे. कोंबडीचं पिल्लू खड्यांतून दाणा वेचताना उजवा डोळा वापरतं, म्हणजे डावा मेंदू. त्याच वेळी डावा डोळा घारीवर, म्हणजे उजवा मेंदू. एक नेमकं पकडतो, दुसरा सगळीकडे सावध असतो. अनुभव आधी उजवीकडे अखंड येतो, डावीकडे त्याचे तुकडे होऊन छाननी होते, आणि मग तो परत उजवीकडे येऊन अखंड व्हायला हवा. पश्चिमेत हे परत येणं खुंटलं, अशी त्यांची तक्रार. प्राचीन ग्रीस आणि प्रबोधनकाळात तोल होता, मग धर्मसुधारणा, बुद्धिप्रामाण्याचं युग, औद्योगिक क्रांती या वाटेने डाव्याची पकड घट्ट होत गेली, मध्ये रोमँटिक कवींनी थोडी ओढाताण केली, असा इतिहास ते मांडतात.

मला स्वतःला पुस्तकाचा पहिला, मेंदूवरचा भाग भावला. दुसऱ्यात मात्र प्रत्येक शतकाला एकेक बाजू वाटून दिलेली पाहून कोंबडी-फावड्याची आठवण येते. कारखाने का आले याला कोळसा, कापूस, वसाहती अशी कारणं आहेत. त्यासाठी मेंदू उघडायची गरज नाही. गंमत म्हणजे शेवटी ते स्वतःच म्हणतात, की जग पाहण्याच्या या दोन तऱ्हांचा मेंदूच्या दोन अर्ध्यांशी संबंध नाही असं सिद्ध झालं तर आश्चर्य वाटेल, पण दुःख होणार नाही. म्हणजे रूपक म्हणून घ्या, हरकत नाही. फक्त त्याखाली 'भारतीय' असं विणू नका.

बाळे_नाका

क्लासबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तिथे डोळ्याला पट्टी बांधून वाचायला लावत असतील तर नाकाशेजारच्या फटीकडे बघा. 'मिडब्रेन', म्हणजे मधला मेंदू, चालू करून देतो म्हणणारेही भेटतात. अहो, मिडब्रेन बंद असतं तर पोरगं शुद्धीवर तरी राहिलं असतं का?

ग्राफवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. सर, तुमचं वाचून रात्री बायकोलाही वाचून दाखवलं. तिने आजोबांचं ताट परत वाचायला लावलं.

पाणिनीचं तुम्ही सांगितलंत, मी माझ्या धंद्यातलं सांगतो. जेकार्ड हे माणसाचं नाव, फ्रान्समधल्या लिऑनचा. त्याचं यंत्र १८०४ चं. कार्डात भोक असेल तर सुई आत जाते, आकडा धागा उचलतो. भोक नसेल तर नाही. एका बाण्याला एक कार्ड. याच कार्डावरून इंग्लंडात बॅबेज या गणितज्ञाला गणित करणारं यंत्र कार्डांनी चालवायची कल्पना सुचली, आणि अमेरिकेत १८९० ची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. क्लासवाल्यांच्या करड्या अर्ध्यात याहून पक्कं काय बसणार? आणि १८३९ साली लिऑनच्याच लोकांनी जेकार्डचं चित्र रेशमात विणलं, सुमारे २४,००० कार्डं लावून. बॅबेजने ते घरी आणून ठेवलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. फोटो मी पाहिलाय. खुर्चीच्या कापडाच्या सुरकुत्या, खिडकीच्या काचेची तड, सगळं धाग्यात. वॉल हँगिंगच ते, ओ. आमच्या धंद्याचा मूळ पुरुष गोरा निघाला, आणि त्याने मोराहून अवघड काम केलंय.

आणि ते आधी अखंड, मग तुकडे, मग परत अखंड, हे कुठल्याही ग्राफवाल्याला विचारा. आधी चित्र भिंतीला लावून लांबून बघायचं, डोळे बारीक करून, म्हणजे उजेड-सावली कुठे जातेय ते कळतं. मग चौकटी. त्या भरताना मोर दिसतच नाही, दिसू द्यायचा पण नाही, नाहीतर हात चुकतो. मग नमुना विणून परत लांबून. मोराच्या मानेत एक चौकट जास्त पडली तर जवळून शोधून सापडत नाही, लांबून मात्र मान मोडल्यासारखी दिसते. हल्ली घाईत तो नमुना बघणंच टाळतात काही कारखानदार. सॉफ्टवेअरमध्ये बरोबर आहे ना, मग लाव मागावर.

क्लासवाल्यांशी बोललो. सरांचा मुद्दा जमेल तसा सांगितला. चित्र बदलणार नाही म्हणाले, ब्रोशर छापून झालंय. पण खालची अक्षरं काढायला तयार झाले. अक्षरांचे जादा पैसे लागतील असं मी बोललो होतो, त्याचाही हातभार असेल. मालक, ॲडव्हान्स आधीच घेतला होता.

ताई, आता एक शेवटचं. चित्रातला डावा म्हणजे कुणाचा डावा? माझा, का मेंदूवाल्याचा? समोरून काढला तर उलटं होईल ना?

घरपोच_फिजिओ

समोरून काढला तर त्याचा डावा तुमच्या उजव्या हाताला येणार. आमचे स्कॅनही तसेच लावलेले असतात, नवीन मुलं पहिल्यांदा हमखास गोंधळतात. तुम्ही वरून बघितलेला मेंदू काढा, कपाळ वर आणि मान खाली. मग त्याचा डावा तुमच्याही डावीकडेच येईल. आणि मधली फट अगदी खालपर्यंत नेऊ नका, पूल दिसत नसला तरी आत असतो.

ग्राफवाला_सोलापूर

कपाळ वर. ठीक. फट अर्ध्यावर थांबवतो, गिऱ्हाईकाने विचारलं तर धागा पुरला नाही म्हणून सांगेन. सोमवारी पंचिंगला देतो.