एपीओई ३/४, एलडीएल १६४: घरच्यांना काय सांगावं?

प्रश्न: अमळनेर, जनरल प्रॅक्टिस
पेशंट ५२ वर्षांचे, आईला सत्तरीत अल्झायमर. स्वतःहून एपीओई (अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेला जीन; प्रकार २, ३ आणि ४) तपासून आणलंय, ३/४ निघालं, म्हणजे एक प्रत ३ ची, एक ४ ची. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६४. घरचे म्हणतात, "तेल-तूप बंद केलं तर हा जीन गप्प बसेल ना?" सोप्या शब्दांत काय सांगू?

तापीकाठ
डॉक्टर, दोन खाती वेगळी करून सांगा. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जवळपास शिरतच नाही. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी ते एपीओई प्रथिनावर लादून चेतापेशींना पोचवतात. उरलेलं सीवायपी४६ए१ हे एन्झाइम २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल करून बाहेर काढतं. ३ आणि ४ मध्ये फरक एकाच अमिनो आम्लाचा: ११२व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनीन. तेवढ्यानं ४ वर चरबी नीट चढत नाही आणि अ‍ॅमिलॉइड या अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाची सफाईही रेंगाळते. कळण्याच्या भाकरीवरचं शेंगदाणा तेल थांबवून ते आर्जिनीन बदलणार नाही.

४ च्या एका प्रतीनं अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट, दोन प्रतींनी आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे. तिप्पट म्हणजे होणारच, असं नव्हे. हे वाक्य घरच्यांसमोर दोनदा म्हणा.

लॅबवाला, जळगाव
आधी रिपोर्टमध्ये ११२ आणि १५८ (२ आणि ३ मधला फरक इथे) दोन्ही जागा वाचल्यात का ते बघा. फक्त ११२ वाचली तर २/४ आणि ३/४ सारखेच दिसतात, आणि २ धोका कमी करणारा आहे. पुन्हा पाठवायचं झालं तर जांभळ्या टोपीच्या ईडीटीए ट्यूबमध्ये ३ मिली रक्त, आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटी-सुलटी करून. हिरव्या टोपीची नको, त्यातल्या हेपरिननं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) अडतो. मे महिन्यात बर्फाच्या पाकिटासोबत पाठवा, पण गोठू देऊ नका.

सातपुडा
भाऊ, जीन बदलत नाही म्हणून १६४ तसंच सोडू नका. हृदयासाठी ते उतरवायलाच हवं, आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळण्याजोग्या कारणांत घेतलंय. स्टॅटिननं (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं) अल्झायमर टळतो हे मात्र सिद्ध नाही, तसं आश्वासन देऊ नका. बीपी, साखर आणि कानांची तपासणी याच भेटीत उरका. विसरभोळेपणाची तक्रार असेल तर बी१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आधी. शाकाहारी घरात बी१२ अनेकदा कमी सापडतं.

अमळनेर
दोन्ही जागा वाचल्यात, ३/४ पक्कं. त्यांना १५ वर्षांच्या मुलाचीही तपासणी करायची आहे.

सातपुडा
नको. त्या वयात निकालावर करण्यासारखं काही नाही. सज्ञान झाला की त्याचं तो ठरवेल.