मदत हवी आहे: बोरचे पाईप, गोठ्याचे खांब, स्लॅबची सळई, सगळंच गंजायलंय, पैसा आधी कुठं घालू?

नमस्कार मंडळी. मी घनसावंगी तालुक्यातला, साडेतीन एकर मोसंबी, बाकी कापूस अन् तूर. जरा लांब लिहायलो पण पूर्ण वाचा.

एप्रिलात मोटार जळाली म्हणून काढायला लावली. 320 फुटावर होती, 2 इंची जीआय (झिंकचा थर दिलेलं लोखंड), 16 पाईप. नऊ पाईप नीट वर आले आणि दहावा कपलिंगपाशी आट्यातच तुटला, खालचे सातही मोटारीसकट बोरात गेले. तीन दिवस हुक टाकून बघितलं, निघाले नाहीत, बोर सोडून द्यावा लागला. नवीन बोर, नवीन मोटार. त्यात अकरा दिवस बागेला पाणी नाही, ऐन उन्हात बारीक फळाचा खाली सडा पडला, ते बघवत नव्हतं. सध्या चुलत्याचे पाईप उसने आणून मोटार सोडलीय, ते महिनाभरात परत द्यायचेत.

मग बापूंची खर्चाची वही काढून बसलो. गेल्या बारा वर्षांत फक्त गंजापायी गेलेला पैसा वेगळा काढला: हा बोर-मोटारीचा 1 लाख 20 हजार, गोठ्याचे पत्रे अन् खांब 58 हजार, ट्रॉलीचा तळ दोनदा बदलला ते 22 हजार. झाले 2 लाख. गळालेली मोसंबी यात धरलीच नाही. वहीत हे कुठंच 'गंज' म्हणून लिहिलेलं नाही, 'पाईप', 'पत्रा', 'वेल्डिंग' असं तुकड्या-तुकड्यानं आहे, म्हणून कधी डोळ्यावर आलं नाही. गंजावर काम करणाऱ्या नेस नावाच्या संस्थेचा 2016 चा अहवाल आहे, त्यात जगाचा गंजाचा खर्च वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर धरलाय, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या 3.4 टक्के, आणि त्यातला 15 ते 35 टक्के आज माहीत असलेल्या उपायांनीच वाचू शकतो म्हणतात. आपल्या घरातले तेवढे वाचले तरी मुलीची वर्षाची फी निघते हो. सोयाबीनवर तांबेरा आला तर काय फवारायचं ते दहा जण सांगतात, लोखंडाच्या तांबेऱ्यावर गावात बोलणारं कुणीच नाही.

तर विचारायचंय हे:

पाणी मचूळ आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो. जीआयच घेऊ का प्लास्टिकचा कॉलम पाईप (बोरात मोटार टांगायचा उभा पाईप)? जुने नऊ पाईप वापरता येतील का? गोठ्याचे खांब जमिनीलगत वीतभरच खातात, वर ठणठणीत, असं काहून? आणि घराच्या स्लॅबला खालून पोपडे सुटलेत, एका ठिकाणी सळई दिसायलीय. स्लॅब बोरच्याच पाण्यात टाकला होता. मिस्त्री म्हणतो प्लास्टर मारून देतो. पैसा सगळ्याला एकदम पुरणार नाही.

मोटारवाला, परभणी
दादा, जीआय पाईप बहुतेक आट्यातच तुटतो. झिंकचा थर दिल्यावर आटे पाडतात, म्हणजे तिथला थर कापला जातो अन् भिंतही पातळ होते. दुसरी जागा म्हणजे पाण्याची पातळी जिथं वर-खाली होते तो पट्टा, तिथं ओल पण अन् हवा पण. तिसरी मोटारीला लागून असलेला पाईप, मोटारीचं अंग स्टीलचं, त्याला जीआय जोडला की खाऱ्या पाण्यात जीआय आधी झिजतो. तुमच्या पाण्याला मी यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकचा कॉलम पाईपच सांगेन, पण बोरचाच, शेतात पसरायचा साधा पीव्हीसी नाही, आणि खोली अन् मोटारीचा एचपी सांगून त्या ग्रेडचा घ्या. जीआयच घ्यायचा तर लाल पट्ट्याचा सी क्लास, 2 इंचीत 4.5 मिलीमीटर जाड येतो, निळ्या पट्ट्याचा बी क्लास 3.6. आट्यांना झिंकचा पेंट लावून मगच कपलिंग आवळा. आणि मोटारीला नायलॉनचा दोर बांधल्याशिवाय खाली सोडू नका, तो असता तर तुमची मोटार वाचवायला काहीतरी हातात राहिलं असतं. जुने नऊ बोरात परत घालू नका.

गोठेवाली, धाराशिव
भाऊ, आमच्याकडं बारा म्हशी आहेत, आमचे पण खांब असेच गेले. मूत अन् शेण खांबाच्या बुडाशी साचतं, त्यातला अमोनिया अन् खार झिंक खातो. आम्ही प्रत्येक खांबाभोवती फूटभर उंच काँक्रीटचा ओटा केला, वरून उतार दिला आणि फरशीचा ढाळ नालीकडं काढला. सहा वर्षं झाली, बुडाला अजून काही नाही. आणि युरिया-पोटॅशच्या गोण्या पत्र्याला टेकवून ठेवता का? ठेवत असाल तर आजच हलवा.

साईटवर असतो, लातूर
स्लॅब सगळ्यात आधी घ्या, खाली माणसं झोपतात. चांगलं काँक्रीट अल्कलीयुक्त असतं, त्यात सळई गंजत नाही, पण पाण्यातलं क्लोराईड (मिठातला खार) ते संरक्षण मोडतं. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणं सळईच्या काँक्रीटला पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर क्लोराईड नको. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तोच आतून काँक्रीट ढकलतो. म्हणून नुसतं प्लास्टर मारलं तर तो पैसा वाया, आत गंज चालूच राहतो. पोकळ वाजतंय तेवढं सगळं काढायचं, सळई मागूनसुद्धा ब्रशनं घासून उघडी चकचकीत करायची, मग गंजरोधक कोटिंग अन् पॉलिमर मोर्टार. सळई बरीच बारीक झाली असेल तर जोडसळई लागेल, ते इंजिनिअरला दाखवूनच ठरवा. वरून पाणी मुरतंय का तेही बघा. जालन्याची नवी सळई आणली तरी पाणी तेच वापरलं तर पुन्हा हेच होणार.

धागा काढणारा
सगळ्यांचे लय आभार. गोण्या टेकवूनच होत्या ताई, सकाळीच हलवल्या, मागचा पत्रा बोटानं फुटला. उद्या बोरचं पाणी क्लोराईडसाठी तपासायला जालन्याला देतोय. स्लॅबखालच्या खोलीतून आईची खाट काढली. पाईप यूपीव्हीसीच घेतो, दोरासकट. जुन्या नऊ पाईपांचे आटे कापून मोसंबीच्या कडेनं तारेच्या कुंपणाला खांब केले तर चालतील का, का मातीत तेही बुडाशीच खातील?